ताईची पिशवी

रुग्णालयानं आम्हा दोघांना एकेक छापील यादी दिली आहे. माझी चार पानांची, ताईची अर्ध्या पानाची. येत्या सोमवारी आम्ही बहीणभाऊ पुण्यात अ‍ॅडमिट होऊ, मंगळवारी माझं शेवटचं डायलिसिस होईल आणि बुधवारी सकाळी ताईची एक किडनी काढून माझ्या पोटात बसवली जाईल. माझ्या चार पानांत औषधांच्या वेळा आहेत, पथ्यं आहेत, खोली कशी ठेवायची, पाणी कसं उकळायचं, ताप किती चढला की फोन करायचा, सगळं आहे. ताईच्या अर्ध्या पानात सैल कपडे आणा, दागिने घरी ठेवा, मूळ आधार कार्ड बरोबर असू द्या, आदल्या रात्रीपासून उपाशी राहा आणि नंतर जड उचलू नये, एवढंच आहे. माझी यादी पुरी करायला सगळं घर राबतंय. ताईची यादी कुणी पुरी लिहिलेलीच नाही, म्हणून ते काम मी अंगावर घेतलंय.

माझी यादी लांब का, ते मला कळतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. परकं ते ओळखायचं आणि त्यावर तुटून पडायचं, हे शरीराचं कामच आहे. सख्ख्या बहिणीची किडनी झाली तरी शरीराच्या लेखी ती परकीच. त्याला आवरायला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडं स्टेरॉइड. यातली टॅक्रोलिमस दर बारा तासांनी, सकाळी आठ आणि रात्री आठ, घड्याळाच्या ठोक्याला. रक्तातली तिची पातळी घसरली तर शरीर किडनी नाकारण्याची भीती, चढली तर त्याच औषधानं किडनीला इजा. हे औषध १९८४ साली जपानमध्ये त्सुकुबा इथल्या मातीतल्या एका जिवाणूत सापडलं. त्याआधीचं सायक्लोस्पोरिन, ज्यानं प्रत्यारोपणाचं सगळं शास्त्रच पालटलं, ते नॉर्वेच्या एका पठारावरून आणलेल्या मातीतल्या बुरशीतून आलं. आणि मातीतून आलेल्या या औषधांवर जगणाऱ्या माणसानं सुरुवातीचे महिने मातीत हात घालायचा नाही, कुंड्या हलवायच्या नाहीत, शेणखताजवळ फिरकायचं नाही. प्रतिकारशक्ती दाबलेली असताना मातीतली साधी बुरशीसुद्धा फुप्फुसात घर करू शकते. शेतकऱ्याच्या पोराला हे पथ्य जड जाणार आहे. पपनसही आता जन्माचं बंद, कारण त्या फळामुळे औषधाची रक्तातली पातळी भलतीच वाढते.

साताऱ्याच्या घरात एक खोली रिकामी केली. भिंतीची ओल काढून रंग दिला, तोही बराच आधी, म्हणजे धूळ बसून जावी. किडलेल्या दाढा काढून टाकल्या. दाताच्या मुळाशी दडलेला पू पुढे जिवावर बेतू शकतो. कावीळ बी आणि न्यूमोनियाच्या लसी झाल्या. रुग्णालयापासून चालत जाता येईल अशी एक खोली पुण्यात भाड्यानं घेतली, कारण सुरुवातीला आठवड्यातून दोनदा रक्त तपासायचं असतं. त्या गल्लीत सोलापूर, लातूर, बीडकडची अशीच बिऱ्हाडं उतरलेली आहेत. मास्क लावलेला एक माणूस, त्याच्या मागे औषधाची पिशवी घेतलेलं दुसरं माणूस, असे जोड्याजोड्यानं लोक सकाळी रक्त द्यायला जाताना दिसतात. माझ्या पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, थर्मामीटर, गोळ्यांची खणांची डबी, पुढून बटणं असलेले सदरे आणि खुणांचं प्लास्टिकचं मापटं आहे. ऑपरेशननंतर तासातासाला लघवी मोजतात आणि तेवढंच पाणी सलाइनमधून परत देतात. घरी आल्यावर ती मोजणी आपली आपण करायची.

पाण्याबद्दल थोडं लिहिल्यावाचून राहवत नाही. सध्या माझ्या वाट्याला दिवसाला पाऊण लिटर पाणी येतं आणि त्यात चहा, ताक, आमटी सगळं मोजायचं. किडनी गेलेल्या माणसाला प्यालेलं पाणी बाहेर काढता येत नाही. ते पायात साठतं, मग फुप्फुसात चढतं, आणि डायलिसिसच्या खुर्चीवर बसून चार तासांत ते ओढून काढावं लागतं. आठवड्यातून तीनदा. उन्हाळ्यात शाळेच्या माठाजवळून जाताना मी मान फिरवतो. नवी किडनी लागली की डॉक्टर म्हणतात, दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं, कंटाळा आला तरी प्यायचं. माझी सगळी आशा त्या एका वाक्यात आहे.

आता ताई. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. खटाव तालुक्यातल्या एका गावात दिलेली. दोन म्हशी, थोडी कोरडवाहू, थोडी विहिरीखालची जमीन, दाजी, सासूबाई आणि कॉलेजात जाणारी एक मुलगी. माझा रक्तगट ओ. माझ्या बायकोचा बी, म्हणून ती इच्छा असून बाद झाली. आईला साखरेचा आजार, तीही बाद. हे ताईच्या कानावर गेलं तेव्हा तिनं बाळंतपणाच्या वेळचा जुना कागद शोधून काढला, त्यावरचा रक्तगट मुलीकडून वाचून घेतला आणि मला फोन केला. ‘‘माझाबी तोच हाय की रं. मग कशाला थांबलायस?’’

त्यानंतर कागद सुरू झाले. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. जवळच्या नात्यात आईवडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण आणि नवरा-बायको येतात. २०११ च्या दुरुस्तीनं आजी-आजोबा आणि नातवंडं आली. किडनीचा बाजार थांबावा म्हणून हा कायदा झाला आणि तो कडक आहे हे बरंच आहे. पण नातं कागदावर सिद्ध करायला लागतं. ताईच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. लग्नाची नोंद त्या काळी कुणी केली नव्हती. या दोन नावांची बाई एकच आहे हे दाखवायला ग्रामपंचायतीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, माझ्या वडिलांचं जुनं रेशन कार्ड आणि लग्नातला पिवळा पडलेला फोटो इतकं गोळा करावं लागलं. वर दोघांच्या पेशी किती जुळतात ते पाहणारी रक्ताची एचएलए तपासणी. भावंडांत ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अर्धी जुळण्याची निम्मी आणि अजिबात न जुळण्याची पुन्हा चारात एक. आमची अर्धी जुळली. क्रॉसमॅच निगेटिव्ह आली, म्हणजे तिच्या पेशींवर धावून जाणारं काही माझ्या रक्तात आज तरी नाही.

या कायद्याच्या २०१४ च्या नियमांत एक गोष्ट आहे, ती मला फार मोलाची वाटते. दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी, तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून पडताळून घ्यावी, असं त्यात सांगितलंय. हा नियम उगाच आलेला नाही. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते. प्रत्येक घरात त्याला कारण असतं, आणि ते कारण खरंही असतं. तरी सगळ्या घरांची कारणं एकाच बाजूला का झुकतात, हे विचारायलाच हवं. मी घेणारा पुरुष आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापासूनच सुरू होतो. परवानगी देणाऱ्या समितीनं ताईला एकटीला आत बोलावलं. दाजी आणि मी बाहेर बाकावर. आत कॅमेरा सुरू होता. डॉक्टरांनीही तिला वेगळं बसवून सांगितलं होतं की ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत केव्हाही नाही म्हणता येईल, आणि तसं झालं तर घरच्यांना फक्त ‘तब्येत बसत नाही’ एवढंच सांगितलं जाईल. परतताना एसटीत ताई म्हणाली, ‘‘एवढं कुणी इचारलं नव्हतं बघ मला. लग्नातसुदिक न्हाई.’’

जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपणही भावंडांचंच होतं. २३ डिसेंबर १९५४, बॉस्टन. रोनाल्ड हेरिकनं आपली किडनी जुळा भाऊ रिचर्डला दिली. तेव्हा टॅक्रोलिमस नव्हतं, सायक्लोस्पोरिन नव्हतं. एकसारखी जुळी असली तरच हे जमणार होतं. म्हणून ते खरोखर तसे जुळे आहेत का, हे पाहायला पोलिसांकडे नेऊन त्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा घेतले. आदल्या रात्री रिचर्डनं भावाला चिठ्ठी पाठवली की तू इथून निघून घरी जा, आणि रोनाल्डनं उलट कळवलं की मी आलोय आणि मी राहणार. शस्त्रक्रिया करणारे डॉ. जोसेफ मरे यांना १९९० साली नोबेल मिळालं. रिचर्ड आठ वर्षं जगला, त्यानं लग्न केलं, त्याला मुलं झाली. रोनाल्डचं पुढं काय झालं, हे पुस्तकांत फारसं नसतं. तो गणिताचा शिक्षक झाला, त्यानं शेती केली, आणि एका किडनीवर छप्पन्न वर्षं जगून २०१० साली गेला. ताईला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तिनं एकच विचारलं, त्याला नंतर शेतीची कामं जमली का. जमली, असं मी सांगू शकलो याचा मला आनंद आहे.

ताईच्या तपासण्या सुरू झाल्या आणि कळलं की तिचं हिमोग्लोबिन नऊच्या आसपास आहे. किती वर्षांपासून, कोण जाणे. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवली, दोन्ही किडन्यांचं काम वेगवेगळं मोजणारा स्कॅन झाला, रक्तवाहिन्यांचं सीटी झालं, मॅमोग्राफी झाली, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी झाली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईच्या शरीराची पहिली नीट चौकशी झाली, ती भावाला तिची किडनी हवी होती म्हणून. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघितलं आणि प्रत्येक वेळी तितकंच लागलं. लोहाच्या गोळ्या, मग सलाइनमधून लोह. रक्त वाढेपर्यंत डॉक्टर थांबले आणि थांबले ते योग्यच केलं. कंबर दुखली की किराणा दुकानातून आणलेली गोळी ती चहाबरोबर घ्यायची. ती आता कायमची बंद. अशा बऱ्याच वेदनाशामक गोळ्या किडनीला मारक ठरू शकतात, आणि एकच किडनी उरलेल्या माणसाला तर त्यांच्या वाटेला जायची सोयच नाही.

दुर्बिणीतून ऑपरेशन होणार असल्यानं ताई चार-पाच दिवसांत घरी जाईल. उरलेली किडनी हळूहळू आकारानं वाढते आणि दोघींच्या मिळून असलेल्या कामापैकी साधारण सत्तर टक्के काम एकटी उचलते. माणूस नेहमीसारखं जगतं. पण मधले दिवस असतात. सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, असं तिला सांगितलंय. भरलेली कळशी पाच किलोच्या वर जाते. वैरणीचा भारा, शेणाची पाटी, दुधाची किटली, गॅसची टाकी, सासूबाईंना न्हाणीपर्यंत धरून नेणं, सगळंच पाच किलोच्या वरचं. रुग्णालयाच्या यादीत ‘जड उचलू नये’ हे तीन शब्द आहेत. खटावच्या घरात त्या तीन शब्दांचा अर्थ पहाटे पाच ते रात्री दहा असा होतो.

म्हणून आम्ही दाजींबरोबर बसून तिच्या दिवसाचा कागद केला. दाजी मुळात अबोल माणूस. पण एकेक काम लिहायला लागल्यावर त्यांचा चेहरा बदलत गेला. बायको दिवसभरात काय काय करते याची बेरीज त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. धाकट्या जाऊबाईंनी म्हशी आणि दोन्ही वेळची धार घेतली. हौदापासून मोरीपर्यंत नळी ओढून घेतली, म्हणजे कळशी उचलायचा प्रश्नच मिटला. भाकरी दाजी आणि मुलगी मिळून करणार. मुलीची परीक्षा आहे, म्हणून त्या आठवड्यात आत्या येऊन राहणार. माझी बायको माझ्याजवळ असेल, आणि बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला थांबू देत नाहीत, तेव्हा ताईजवळ कोण? तिचीच मैत्रीण, अंगणवाडीतली मदतनीस, स्वतःहून येते म्हणाली.

पैशांचंही बोललो. माझ्या ऑपरेशनसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, ट्रस्टांकडे अर्ज आहेत, शाळेतल्या सहकाऱ्यांनी जमवलेली रक्कम आहे, मला पगारी रजा आहे. केंद्र सरकारनं २०२३ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अवयवदान केल्यास बेचाळीस दिवसांची विशेष रजा दिली, ती फार चांगली गोष्ट झाली. म्हशीचं दूध डेअरीला घालणाऱ्या बाईला रजा कोण देणार? तिचा खाडा तिच्याच अंगावर पडतो. अवयवाचे पैसे घेणं-देणं गुन्हा आहे, पण दात्याचा प्रत्यक्ष खर्च आणि बुडालेली कमाई भरून देणं कायदा त्यात धरत नाही; व्याख्येतच तसं म्हटलंय. मी ते दाजींना वाचून दाखवलं. ताईला राग आला, ‘‘भावाकडनं पैसं घिऊ व्हय?’’ म्हणाली. मी तिला एवढंच म्हटलं की किडनीचा हिशेब होऊच शकत नाही, पण दुधाचा होतो, आणि तो मी करणार. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग डेअरीचं पुस्तक काढून माझ्यापुढं ठेवलं.

तिची पिशवी माझ्या बायकोनं भरली. परकराची नाडी नेमकी टाक्यांवर बसते, म्हणून साडी काही आठवडे बाद. ताईनं आयुष्यात चारचौघांत गाऊन घातलेला नाही. सुती, ढगळ, खिशाचे गाऊन शिवून घेतले आणि वर घ्यायला ओढण्या, म्हणजे राउंडला डॉक्टर आले तरी तिला अवघडायला नको. खोकला आला तर पोटाशी धरायला छोटी उशी. श्वास आत ओढून गोळे वर चढवायचं यंत्र, ज्याचा सराव ती रोज संध्याकाळी करते. पोटात भरलेल्या हवेमुळे पहिले दोन दिवस खांदा दुखतो, हे तिला आधीच सांगून ठेवलंय, नाहीतर ती घाबरली असती. जोडवी साबण लावून काढली. मंगळसूत्र थिएटरच्या दारात काढून मैत्रिणीकडे द्यायचं, असं तिनंच ठरवलंय.

नातेवाईक भेटायला येतात. येताना माझ्यासाठी शहाळी आणि केळी आणतात, जी पोटॅशियममुळे मला विषासमान, आणि ताईला म्हणतात, देवी आहेस गं बाई, केवढा त्याग. त्यांच्या मनात माया असते, ती मी जाणतो. पण देवी म्हटलं की तिला दुखतं का, तिची झोप होते का, तिच्या म्हशी कोण बघतं, हे विचारायची गरज कुणाला वाटत नाही. देवीला भूक लागत नाही आणि टाकेही पडत नाहीत. ताई एक धडधाकट बाई आहे, तिच्या शरीराला या ऑपरेशनची काडीची गरज नाही, आणि तरी ती स्वतःच्या पायांनी टेबलापर्यंत चालत जाणार आहे. असा रुग्ण दुसऱ्या कुठल्याच वॉर्डात नसतो.

अजून एक तयारी केली. किडनी लागली नाही तर? असं होऊ शकतं. जिवंत दात्याची किडनी बहुतेकदा लगेच काम सुरू करते आणि चांगली वर्षानुवर्षं चालते, पण खात्री कुणीच देत नाही. ताईला याचीच जास्त भीती आहे, स्वतःच्या टाक्यांची नाही. मी तिला समोर बसवून सांगितलं की तसं झालं तर दोष तुझ्या किडनीचा नसेल, माझ्या शरीरानं ती घेतली नाही असं असेल, आणि मी पुन्हा खुर्चीवर जाऊन बसेन आणि जगेन. पुण्याच्या यादीत नाव लावून मेंदू-मृत दात्याची वाट पाहणारे लोक मी त्या खुर्च्यांवर पाहतो. त्यांच्यात अशीही माणसं आहेत, ज्यांना द्यायला घरात कुणी नाही, आणि माझी तारीख ठरल्यावर त्यांनीच मला सगळ्यात आधी हात मिळवला.

सोमवारनंतर तीन महिने मला भेटायला येऊ नका, असा निरोप मी सगळीकडे धाडलाय. संसर्गाची भीती आहे. ज्यांना यायचंच आहे त्यांनी खटावला जावं, ताईच्या दारात दोन कळशा पाणी भरून द्यावं, वैरण टाकावी, तिला पडल्या जागी जेवण द्यावं. तुमच्या नात्यात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल, तर पहिला डबा देणाऱ्याच्या घरी पोचू द्या. आणि वर्ष झालं की त्या देणाऱ्या माणसाला रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीच्या तपासणीला स्वतः घेऊन जा. त्या तपासण्या साध्या प्रयोगशाळेत होतात, खर्च थोडा असतो, आणि त्या दर वर्षी, जन्मभर करायच्या असतात.